वस्तादाने विधानसभेची पायरी चढू नये म्हणणाऱ्यांना उत्तर

तालुक्यातला कबड्डीचा कोच किंवा तालमीचा वस्ताद आधी नगरसेवक होतो आणि काही वर्षांनी विधानसभेचा अर्ज भरायला निघतो. तेव्हा एक मजकूर हमखास व्हॉट्सअ‍ॅपच्या गटागटांतून फिरू लागतो. शब्द बदलतात, म्हणणं तेच असतं: खेळात राजकारण आणू नका. खेळाचा कारभार दिल्लीतून चालतो, आमदार होऊन हा काय दिवे लावणार? असे उमेदवार पक्षाच्या शोभेला असतात आणि पडतात. आणि हा माणूस तालमीतली पोरं प्रचाराला जुंपणार. यातला शेवटचा मुद्दा गंभीर आहे, त्याकडे नंतर येतो. बाकीचे मला अजिबात पटत नाहीत.

‘खेळात राजकारण आणू नका.’ ते केव्हाच आलेलं आहे. शरद पवार २००५ ते २००८ या काळात बीसीसीआयचे अध्यक्ष होते. प्रफुल्ल पटेल फुटबॉल महासंघावर इतकी वर्षं राहिले की २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला प्रशासक समिती नेमावी लागली. ब्रिजभूषण शरण सिंह खासदारकीबरोबरच दशकभर कुस्ती महासंघाचे अध्यक्ष होते, आणि २०२३ मध्ये देशाच्या महिला कुस्तीगिरांना त्यांच्याविरुद्ध जंतरमंतरवर बसावं लागलं. तीन माणसं, तीन वेगवेगळे खेळ. नेत्याने संघटनेच्या खुर्चीत बसलेलं आपल्याला चालतं. मग ज्याने पहाटे उठून पोरांकडून जोर-बैठका काढून घेतल्या, त्यानेच सभागृहाबाहेर का थांबायचं?

‘खेळ दिल्लीचा विषय आहे.’ हा या मजकुरातला सगळ्यात चुकीचा भाग, आणि सगळ्यात जास्त लोक विश्वास ठेवतात तोही याच भागावर. राज्यघटनेची सातवी अनुसूची उघडा. राज्य सूचीतल्या ३३ व्या नोंदीत नाटक, सिनेमा, करमणूक यांच्यासोबत खेळ आहे. राष्ट्रीय महासंघ आणि ऑलिंपिकला जाणारा संघ यांत केंद्राचा शब्द चालतो, २०२५ चा क्रीडा प्रशासनाचा केंद्रीय कायदाही मुख्यतः त्याच थराबद्दल आहे. पण तालुक्यातल्या पोराचं आयुष्य त्या थरावर ठरत नाही. शाळेला शारीरिक शिक्षणाचा शिक्षक मिळणार की नाही, तालुका क्रीडा संकुलाचं काम कुठे अडलंय, दहावी-बारावीच्या खेळाडूंना सवलतीचे गुण कोणत्या नियमाने द्यायचे, सरकारी नोकरीतल्या खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणात कोणते खेळ आणि कोणती स्पर्धा धरायची, हे सगळं मंत्रालयात ठरतं. आणि त्याचा जाब विचारण्याची जागा म्हणजे मुंबईचं आणि नागपूरचं अधिवेशन.

फरक किती पडतो ते कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेवरून कळतं. २०२४ मध्ये पॅरिसला त्याने नेमबाजीत कांस्य मिळवलं आणि महाराष्ट्र सरकारने त्याला आधी १ कोटी जाहीर केले, नंतर ती रक्कम २ कोटी केली. हरियाणात ऑलिंपिक कांस्याला अडीच कोटी मिळतात, सुवर्णाला ६ कोटी. स्वप्नीलच्या वडिलांनी ही तफावत जाहीरपणे बोलून दाखवली, तेव्हा काहींना ते हावरटपणाचं वाटलं. मला ते बरोबरच वाटलं. पदक दोन्हीकडे सारखंच, फरक केला तो दोन राज्य सरकारांच्या धोरणाने, आणि धोरणावर बोलायला सभागृहात माणूस लागतो.

दुसरं उदाहरण बनावट क्रीडा प्रमाणपत्रांचं. न खेळलेल्या स्पर्धांची प्रमाणपत्रं दाखवून खेळाडूंच्या कोट्यातल्या नोकऱ्या लाटल्याची प्रकरणं आपल्या राज्यात उघडकीला आली. अशी प्रत्येक नोकरी कोणत्या तरी खऱ्या खेळाडूच्या तोंडचा घास असते. स्पर्धेत किती संघ होते, सामने किती झाले, पंच कोण होते, हे कुठून तपासायचं ते कोचला पाठ असतं. त्याने सभागृहात मंत्र्यांना उत्तर द्यायला लावणारा एक तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी सूचना नीट लावली तर खात्याला आकड्यांसकट उत्तर द्यावं लागेल. आमदाराला वर्षाला मिळणाऱ्या ५ कोटींच्या स्थानिक विकास निधीपेक्षा मला हे मोलाचं वाटतं. निधीतून व्यायामशाळेचं साहित्य आणून फीत कापणं कोणालाही जमतं.

‘असे उमेदवार पडतात.’ काही पडले, हे खरं. कुस्तीगीर योगेश्वर दत्त २०१९ ला हरियाणातल्या बरोदा मतदारसंघातून हरला आणि पुढच्या वर्षी तिथल्याच पोटनिवडणुकीतही हरला. कुस्तीगीर बबिता फोगट त्याच राज्यातल्या दादरीत हरली. आपल्याकडे डबल महाराष्ट्र केसरी चंद्रहार पाटील २०२४ ला सांगली लोकसभेत तिसरे आले. पण त्याच वर्षी कुस्तीगीर विनेश फोगट हरियाणातल्या जुलानातून ६,०१५ मतांनी निवडून आली. आणि परगट सिंग पाहा. भारतीय हॉकीचा माजी कर्णधार, पंजाबचा क्रीडा संचालक, मग २०१२, २०१७ आणि २०२२ असा सलग तीनदा जालंधर कँटचा आमदार, तोही मध्ये पक्ष बदलून. २०२१ मध्ये शिक्षण आणि क्रीडा ही दोन्ही खाती त्याच्याकडे आली. त्याच्याजवळ नावाबरोबर खातं चालवल्याचा अनुभव होता. तालुक्याचा कोच तर प्रसिद्धही नसतो. त्याला मत मिळालं तर ते ओळखीवर आणि कामावरच मिळतं, मग शोभेचा आरोप त्याला कसा लागू पडतो?

आता पोरांचा मुद्दा. इथे मी मजकूर लिहिणाऱ्याच्या बाजूने आहे. संघात कोणाला घ्यायचं हे कोचच्या हातात असतं, त्यामुळे ‘उद्या रॅलीला या’ हे त्याने सहज म्हटलं तरी पोराच्या कानाला तो हुकूमच असतो. आईबापही नाही म्हणू शकत नाहीत. निवडणूक आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रचारात मुलांचा कसलाही वापर खपवून घेतला जाणार नाही असं पक्षांना बजावलं आहे. घोषणा, पत्रकं, रॅली, सगळं त्यात आलं. खर्चाचंही तसंच. विधानसभेच्या उमेदवाराची मर्यादा ४० लाख आहे, पण हिशेब अर्ज भरल्यापासून निकालापर्यंतचा धरतात. त्याआधी त्याच्या फोटोसकट झालेल्या चषकाची बक्षिसं आणि जर्सी कोणाच्या पैशाने आल्या हे त्या हिशेबात दिसत नाही, ते आपणच विचारायला हवं. मात्र यासाठी उमेदवारीच नको म्हणणं म्हणजे चांगल्या कोचला शिक्षा आणि वाईटाला मोकळं रान. वाईट माणूस आमदार न होताही पोरं वापरतोच.

मैदानावरचं नाव चारित्र्याचा दाखला ठरत नाही, हेही तितकंच खरं. हॉकीपटू संदीप सिंग हरियाणाचा क्रीडामंत्री झाला. पुढे एका कनिष्ठ महिला प्रशिक्षकाने त्याच्यावर लैंगिक छळाचा आरोप केला. त्याने तो नाकारला, पण २०२३ च्या सुरुवातीला क्रीडा खातं त्याला सोडावं लागलं. म्हणून कोच दारात मत मागायला आला की त्याच्या पदकांआधी मी हे विचारेन: अर्ज भरल्या दिवसापासून संघनिवड कोणाकडे सोपवली आहे? आणि तुमच्या तालमीतल्या मुलीला तुमच्याचविरुद्ध तक्रार करायची असेल, तर ती कोणाकडे जाईल?