प्रागच्या घड्याळजीचे डोळे फोडल्याच्या कथेविषयी खुलासा

चेक प्रजासत्ताकाची राजधानी प्राग येथील जुन्या नगरभवनावरचे खगोलीय घड्याळ हानुश नावाच्या कारागिराने घडवले आणि तसे दुसरे घड्याळ त्याने इतरत्र करू नये म्हणून नगरपरिषदेने त्याचे डोळे फोडले, अशी माहिती सध्या फिरत आहे. ती खरी नाही.

हे घड्याळ 1410 साली कादान येथील मिकुलाश या घड्याळजीने बनवले. त्यामागील खगोलगणिताचे श्रेय प्राग विद्यापीठातील गणितज्ञ यान शिंडेल यांना दिले जाते. हानुश हा बराच नंतरचा, पंधराव्या शतकाच्या अखेरीस घड्याळाचे काम पाहणारा. सोळाव्या शतकात घड्याळाची देखभाल करणारे यान ताबोर्स्की यांनी घड्याळाच्या वर्णनात त्यालाच निर्माता ठरवले, आणि ती चूक पुढे रूढ झाली. विसाव्या शतकात उजेडात आलेल्या 1410 च्या दस्तऐवजात मात्र मिकुलाशच्या कामाची प्रशंसाच आढळते.

आज दिसणारे सगळे भागही 1410 चे नाहीत. खालच्या दिनदर्शिकेच्या तबकडीवरील चित्रे योसेफ मानेस यांनी 1866 मध्ये पूर्ण केली, तर मे 1945 च्या लढाईत जळालेल्या प्रेषितांच्या (येशूच्या शिष्यांच्या) लाकडी मूर्ती युद्धानंतर नव्याने कोरण्यात आल्या. क्रौर्याच्या कथेपायी मिकुलाशचे नाव झाकले जावे, हे अन्यायकारक आहे.