बीपी, शुगर विचारता. घरी कोण असतं, तेही विचारा की!

हार्टचा विषय निघाला की आपली गाडी तेल, तूप, वडापाव आणि सिगारेटच्या पुढे सरकत नाही. फार तर ‘टेन्शन घेऊ नका’. पण २०१६ साली ‘हार्ट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात बऱ्याच अभ्यासांचा एकत्रित आढावा आला होता. ज्यांना माणसांची सोबत कमी किंवा ज्यांना एकाकी वाटतं, त्यांच्यात हृदयविकाराचा धोका २९ टक्के आणि पक्षाघाताचा ३२ टक्के जास्त दिसला. २०२२ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशननेही साधारण ३० टक्क्यांचाच आकडा दिला. एकटेपणामुळेच अ‍ॅटॅक येतो असं यातून सिद्ध होत नाही; आजारी माणूस घरात अडकून एकटा पडतो, असं उलटंही होतंच. तरी एवढा आकडा बाजूला टाकण्यासारखा नाही.

कारणं काही गूढ नाहीत. सतत एकाकी वाटत राहिलं की शरीर ताणात राहतं, कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं, बीपी चढतं, झोप उडते. पण मला त्याहून साधं कारण जास्त पटतं.

आमच्या विंगेतले एक काका, अँजिओप्लास्टी झालेले. काकू गेल्यापासून एकटेच. त्यांच्या टेबलावर वारांची नावं लिहिलेली गोळ्यांची डबी असते. शनिवारी पाहिलं तर सकाळचे कप्पे रिकामे, रात्रीचे जवळजवळ सगळे भरलेले. विचारलं तर म्हणाले, “अरे, गोळी जेवणानंतरची. एकट्यासाठी कुकर कोण लावतंय? चहा-खारी खातो नि आडवा होतो.” डॉक्टर दर वेळी डोस बदलतात. रात्री जेवता का, कुणासोबत जेवता, हे कुणी विचारलेलं नाही. आणि रात्री-अपरात्री छातीत कळ आली तर बेल कुणाची वाजवायची?

आता कुणीतरी म्हणणारच, ‘आमच्या चाळीत असं नव्हतं.’ चाळीचे गोडवे मला गायचे नाहीत. सार्वजनिक संडासची रांग आणि घरातल्या भांडणाला अख्ख्या मजल्याचे कान, हे ज्यांनी काढलंय (विशेषतः बायकांनी) त्यांना विचारा. मुंबईतल्या जुन्या बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांतून ५०० चौरस फुटांत गेलेल्यांना मोकळा श्वास मिळाला, तो मिळायलाच हवा होता. पण रीडेव्हलपमेंटच्या मीटिंगांमध्ये आपण कार्पेट एरिया, कॉर्पस (बिल्डर देतो ती रक्कम) आणि पार्किंगवर घसा फोडतो. गॅलरी गेली की येता-जाता हाक मारणारंही जातं, हा मुद्दा एकदाही कुणी काढलेला मी ऐकला नाही.

आणि हे फक्त एकट्या राहणाऱ्यांचंच नाही. एकटं राहून मजेत असणारे खूप आहेत. उलट मुलगा-सून सकाळी लोकलला पळतात, रात्री नऊला येऊन मोबाइल उघडतात, अशा भरल्या घरातली आजी दिवसभर कुणाशी बोलते? गुड मॉर्निंगचे फोटो फॉरवर्ड करणं म्हणजे बोलणं नव्हे.

आमच्या पोडियमवर जिमशेजारी एक खोली आहे, कायम कुलूपबंद, किल्ली कमिटीकडे. सोसायटीच्या पुढच्या एजीएमला, म्हणजे वार्षिक सभेला, मी विषय मांडणार आहे: दुपारी ती उघडा, दोन कॅरम ठेवा, चहाची सोय करा. मेंटेनन्स वाढेल म्हणून बोंब होणार, माहीत आहे. विंगेतल्या ज्यांना पटतंय त्यांनी निदान त्या दिवशी हात वर करायला या.