युनिट्स किती ते सोडा, मॅप केवढा आहे ते सांगा

आज दुपारी जेवताना जुन्या हॉस्टेलच्या ग्रुपवर एकाने 'अ‍ॅशेस ऑफ द सिंग्युलॅरिटी २' या नव्या कॉम्प्युटर गेमचा ट्रेलर टाकला. मी डबा बाजूला ठेवून पुन्हा पुन्हा बघितला. बघणारच ना, असल्या मोठ्या आरटीएसची (रिअल-टाइम स्ट्रॅटेजी, म्हणजे सगळ्यांनी एकाच वेळी फौज चालवायचे गेम) वाट बघण्यात आमचं अर्धं तारुण्य गेलंय. पण खाली मेसेज सुरू झाले: 'केवढे युनिट्स राव', 'ग्राफिक्स बघा ग्राफिक्स', 'प्री-ऑर्डर सुरू झाली की लगेच घेणार'. आणि माझं डोकं फिरलं. ग्रुपवर भांडत बसण्यापेक्षा इथे लिहितो, निदान सगळं एका जागी राहील.

युनिट्स, म्हणजे फौजेतले रणगाडे-विमानं वगैरे, किती आहेत हा प्रश्नच नाहीये. जत्रेत पण माणसं हजारोंनी असतात, म्हणून तिला कोणी लढाई म्हणत नाही. लढाई मोठी होते ती अंतराने. तुमचा बेस इथे, समोरच्याचा तिकडे लांब, मधे समुद्र, डोंगर, आणि तुम्ही आत्ता घेतलेल्या निर्णयाचं फळ वीस मिनिटांनी मिळणार. तो मधला वेळ, ती धाकधूक, हा खरा खेळ. ट्रेलरमध्ये हे दिसत नाही कारण ते दाखवताच येत नाही, तिथे फक्त धडाधड स्फोट.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. १९९७ ला टोटल अ‍ॅनिहिलेशन आला, मग तो बनवणाऱ्या ख्रिस टेलरनेच २००७ च्या फेब्रुवारीत सुप्रीम कमांडर आणला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याचा वाढीव भाग फोर्ज्ड अलायन्स. ८१ बाय ८१ किलोमीटरपर्यंतचे मॅप. माउसचं चाक मागे फिरवलं की रणगाड्यापासून सुरू करून थेट अख्खा मॅप समोर, सगळी फौज नुसत्या छोट्या खुणांमध्ये. त्यानंतर कुठल्याही गेममध्ये झूम आउट करायला गेलं आणि कॅमेरा मधेच अडला की मला अजून गुदमरल्यासारखं होतं.

आम्ही हा गेम कराडला हॉस्टेलवर लॅन लावून, म्हणजे पीसी एकमेकांना जोडून, खेळायचो. आणि एक रात्र मी कधीच विसरणार नाही. सेटन्स क्लच मॅप, दोन विरुद्ध दोन. शेजारच्या रूममधला एक दोस्त होता, त्याच्याकडे मोठ्या भावाचा जुना पीसी, रॅम जेमतेम. आता सुप्रीम कमांडरची गंमत अशी की सगळ्यांच्या पीसीवर तीच लढाई एकाच वेळी मोजली जाते, नेटवर्कवरून फक्त हुकूम जातात, म्हणजे सगळ्यात हळू पीसी असेल त्याच्या वेगाने सगळ्यांचा गेम चालणार. फौज वाढली की त्याचा पीसी दमायचा आणि आमचे चांगले पीसी त्याच्यासाठी थांबायचे, गेममधला एक सेकंद खऱ्या तीन-चार सेकंदांचा. कोणी त्याला 'तू बाहेर हो' म्हटलं नाही. आम्ही युनिट कॅप, म्हणजे फौजेची मर्यादा, कमी केला आणि खेळत राहिलो.

हेच मला ग्रुपवरच्या ग्राफिक्सवाल्यांना विचारायचंय. ज्याचा पीसी जुना आहे तो या नव्या गेममध्ये बसणार का? का परत नवीन ग्राफिक कार्ड घ्या, नाहीतर बाजूला उभे राहून बघा?

पहिल्या अ‍ॅशेसचं काय झालं आठवा. मार्च २०१६ ला आला. आणि लक्षात कशासाठी राहिला? बेंचमार्क म्हणून! डायरेक्टएक्स १२ (विंडोजची ग्राफिक्स चालवायची पद्धत) वर ग्राफिक कार्ड किती फ्रेम देतं ते मोजायला लोक तो चालवायचे, एएमडीने आपलं आरएक्स ४८० कार्ड दाखवतानासुद्धा तोच लावला होता. खेळणारे कमी, आकडे मोजणारे जास्त. आणि स्ट्रॅटेजिक झूम, म्हणजे अख्खा मॅप दिसेपर्यंत मागे जाणं, जो या जातीच्या गेमचा आत्मा आहे, तो मूळ गेममध्ये नव्हता, एस्कलेशन हा वाढीव भाग आला तेव्हा मिळाला. हजारो युनिट्स द्यायचे आणि लांबून बघायची सोय नंतर द्यायची, हे कुठलं डोकं?

बरं, एक मान्य करतो. अ‍ॅशेस बनवणाऱ्या ऑक्साइडवाल्यांना इंजिन, म्हणजे गेम चालवणारा पाया, कळतं. सिव्हिलायझेशन ५ वर काम केलेली माणसं आहेत ती, आणि त्यांचं नायट्रस इंजिन प्रोसेसरच्या सगळ्या कोअरवर काम वाटून देतं. सुप्रीम कमांडर इथेच मेला, त्याची लढाईची मोजणी जवळजवळ सगळी एकाच कोअरवर चालायची, म्हणून आज कितीही भारी मशीन आणा, मोठ्या लढाईत तो रांगतोच. आमच्या दोस्ताचा पीसी नवा असता तरी पहाटेपर्यंत तेच झालं असतं, फक्त थोडं उशिरा. म्हणजे नव्या गेमकडून आशा ठेवायला जागा आहे, नाही असं नाही.

पण आशेवरच तर आपल्याला फसवतात ना! २०१२ ला प्लॅनेटरी अ‍ॅनिहिलेशनचा किकस्टार्टरवरचा (गेम बनायच्या आधीच लोकांकडून पैसे गोळा करायची साइट) व्हिडिओ आठवतो का? अख्खा लघुग्रह ढकलून समोरच्याच्या ग्रहावर आदळवायचा. लोकांनी वेडे होऊन २२ लाख डॉलर दिले. पुढच्या वर्षी स्टीमवर, म्हणजे गेमच्या ऑनलाइन दुकानात, अर्धवट अल्फा आणला तो ९० डॉलरला. ९० डॉलर, अपूर्ण गेमचे! २०१४ ला पूर्ण म्हणून आला तेव्हा अर्धा कच्चाच होता, आणि एका वर्षात टायटन्स नावाने वेगळा विकायला काढला. हो, किकस्टार्टरला पैसे दिलेल्यांना तो फुकट दिला, तेवढं केलं त्यांनी. पण गोल ग्रहावर लढाई दिसायला भारी आणि खेळायला डोकेदुखी, कारण मॅपला कड नाही, पाठ टेकायला जागा नाही, अर्धी लढाई कायम ग्रहाच्या पलीकडे.

आणि सुप्रीम कमांडर २! २०१० चा. तो आठवला की अजून चिडतो मी. मॅप लहान केले. मास आणि एनर्जी, म्हणजे गेममधला कच्चा माल, वाहत्या पाण्यासारखी चालायची, बांधायला घेतलं की हळूहळू ओढली जायची, ते सगळं काढून 'आधी पैसे भरा मग वस्तू घ्या' केलं. का तर म्हणे नव्या लोकांना जड जातं. ठीक आहे, जड जातं, खरं आहे, माझ्या चुलतभावाला शिकवताना बघितलंय मी. पण जड आहे म्हणून काढून टाकलं तर उरलं काय?

त्या रात्रीचं सांगायचं राहिलं. त्या जुन्या पीसीवाल्या दोस्ताने आमची सोनार, पाण्याखालचं हेरणारी यंत्रं, आधीच उडवली होती. मग त्याचा मंकीलॉर्ड, तो मोठा यांत्रिक कोळी, समुद्राच्या तळावरून चालत आमच्या किनाऱ्याला वर आला, आमच्या कमांडरच्या अगदी जवळ, आणि कमांडर मेला की डाव संपला. आणि गेम इतका हळू की आम्हाला ते सगळं दिसत होतं, एकेक पाय उचलताना, लेझर फिरताना. कमांडर मागे घेतला, इंजिनिअर मधे घातले, तोफा वळवल्या, सगळं त्याच मुंगीच्या वेगाने. पंधरा मिनिटं चार जण स्क्रीनला चिकटून, तोंडातून शब्द नाही, आणि वर घड्याळाकडे नजर कारण तेव्हा लोडशेडिंगचे दिवस, लाइट कधी जाईल नेम नाही. कमांडर उडाला, अणुस्फोट झाला, त्यात त्याचा कोळीपण गेला, आणि तो पोरगा खुर्चीवर उभा राहून नाचला. सगळ्यात जुना पीसी त्याचा आणि सगळ्यात लांबचा विचार त्याचा.

ती चाल त्याने अर्धा तास आधी ठरवलेली होती. मॅप छोटा असता तर ही चालच शक्य नव्हती. मोठा मॅप म्हणजे हुशार माणसाला लपायला जागा, बोटं हळू चालणाऱ्याला विचार करायला वेळ. मिनिटाला तीनशे क्लिक मारणाऱ्यांसाठी स्टारक्राफ्ट आहे की, खेळा ना तिकडे.

म्हणून अ‍ॅशेस २ कडून मला काय हवंय ते सरळ सांगतो. २०२५ ला घोषणा झाली, २०२६ ला येणार म्हणतात, या वेळी माणसांची फौजपण आहे, ते सगळं छान. पण पूर्ण मॅपपर्यंत झूम पहिल्या दिवसापासून हवा. मोकळी जागा हवी, सगळीकडे पॉइंट पकडत पळापळ नको. समुद्र हवा. कमी पीसीवर ग्राफिक्स पार खाली करून पण लढाई तीच राहिली पाहिजे. आणि एआय, म्हणजे समोरून खेळणारा कॉम्प्युटर, असा हवा जो फसवतो, नुसता लोंढा पाठवत नाही. हे सगळं असेल तर मी घेईन, पूर्ण किमतीला घेईन. पण प्री-ऑर्डर नाही. कोणीही करू नका. आल्यावर आठवडाभर थांबा, कोणीतरी दोन तासांची अख्खी मॅच टाकेल ती बघा.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. खरं तर ट्रेलर टाकणाऱ्या मित्रावर राग नाहीच, त्यालाही तीच रात्र आठवली असणार, तो माझ्याच टीममध्ये होता. आपण सगळे आता चाळिशीकडे आलोय, पोरंबाळं, ईएमआय, रात्री अकराला डोळे मिटतात. परत कधी चार जण मिळून पहाटेपर्यंत बसू का, ही भीती आहे माझी, गेम वाईट निघण्यापेक्षा मोठी.

तोपर्यंत बियॉन्ड ऑल रीझन हा गेम आहे. टोटल अ‍ॅनिहिलेशनच्याच वळणाचा, फुकट, ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला), लोकांनी आपल्या हौसेने बांधलेला, आठ विरुद्ध आठ आरामात चालतं. या शनिवारी जेवणं झाली की मी बसणार आहे. ज्याला यायचंय त्याने कमेंटमध्ये लिहा, इन्स्टॉल करताना अडलं तर फोन करा, मी सांगतो.