खोलीवरचा शिधा

पुण्याच्या पेठेत खोली घेऊन राहणाऱ्या विद्यार्थ्याला स्वयंपाकाची ओढ काही कलेपोटी लागत नाही. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते म्हणून ती लागते. आठवडाभर जिला नावे ठेवली त्याच आमटीच्या आठवणीने मंडळी व्याकूळ होतात आणि वर्गणी काढून शिधा भरण्याचा ठराव एकमताने मंजूर होतो.

हे एकमत वाण्याच्या पायरीपर्यंत टिकते. तूरडाळीचा भाव ऐकताच मसूर सर्वांना लहानपणापासून आवडत असल्याचे उघड होते, तर इंद्रायणीचा नुसता वास घेऊन कोलम बांधून घेतला जातो. एक लिटर तेलाच्या पिशवीवर ९१० ग्रॅम छापलेले पाहून आमच्यातला वाणिज्य शाखेचा मित्र ग्राहक मंचाकडे निघाला होता. विज्ञानवाल्याने त्याला तिथेच घनता समजावली. बारावीनंतर तिचा एवढाच काय तो उपयोग झाला.

खरा आधार बेसनाचा. पाणी जास्त पडले तर पिठले आणि कमी पडले तर झुणका, असे नाव मागाहून ठरवण्याची सोय असल्यामुळे या पदार्थात नापास होताच येत नाही. पावसाळा सरता सरता शेतकऱ्यांच्या साठवणीच्या चाळीतला उन्हाळी कांदा संपत आलेला असतो आणि खरिपाचा बाजारात यायचा असतो. तेव्हा भाव ऐकून आम्ही पिठल्यात लसणावर भागवतो आणि त्याला गावाकडची पद्धत म्हणतो.

भरण्यापेक्षा टिकवणे अवघड. "डाळीला एरंडेल चोळ, तांदळात कडुनिंबाचा पाला घाल, रवा भाजूनच डब्यात भर," हे आईचे आदेश फोनवरून येतात आणि ते पाळले तर पोरकिडे खरोखरच आटोक्यात राहतात. शेंगदाण्यांना लागणारी कीड मात्र दोन पायांची असून ती सबमिशनच्या रात्री, एकच्या सुमारास, बाहेर पडते. तिच्यावर कडुनिंब चालत नाही. म्हणून सध्या शेंगदाण्यांच्या डब्यावर 'इसबगोल' अशी चिठ्ठी चिकटवली होती व डबा चांगला शाबूत राहिला होता. परंतु परवा सगळे एका लग्नात आडवा हात मारून आले आणि रात्री झोपण्यापूर्वी एकेक जण अत्यंत अदबीने त्या डब्याची चौकशी करू लागला.