सुखाने थांबता येत असताना

शोधयात्रेच्या कथांमधील नायकाची चिकाटी आपण बहुधा त्याच्या वाटेतल्या राक्षसांवरून आणि वादळांवरून मोजतो. मला हे माप अपुरे वाटते, कारण संकटात सापडलेल्या माणसापुढे झुंजण्यावाचून दुसरा मार्गच नसतो. त्याची खरी कसोटी लागते ती सुखाने थांबता येत असताना.

‘ओडिसी’ या प्राचीन ग्रीक महाकाव्याचा नायक ओडिसियस ट्रॉयच्या युद्धानंतर १० वर्षांनी घरी पोहोचतो आणि त्यांतली ७ वर्षे कॅलिप्सो या अप्सरेच्या बेटावर जातात. ती त्याला अमरत्व देऊ करते. आपली पत्नी रूपाने तिच्या तोडीची नाही हे तो मोकळेपणाने मान्य करतो, तरीही घरीच जायचे म्हणतो. एकाक्ष राक्षसाच्या गुहेतून त्याने केलेल्या सुटकेपेक्षा हा नकार मला कितीतरी मोठा वाटतो.

प्राचीन मेसोपोटेमियाच्या महाकाव्यातली गिलगमेशची कथा तर याहूनही कठोर आहे. मित्राच्या मृत्यूने हादरून अमरत्वाच्या शोधात निघालेल्या या राजाला अमरत्व लाभलेला एक यजमान ६ दिवस आणि ७ रात्री जागून दाखवायला सांगतो, आणि बसल्या जागी त्याचा डोळा लागतो. झोप लागल्याचे त्याने नाकारू नये म्हणून यजमानाची पत्नी रोज एक भाकरी भाजून त्याच्या उशाशी ठेवते. तो जागा होतो तेव्हा पहिली वाळून गेलेली असते आणि शेवटची अजून निखाऱ्यांवर असते. (त्या भाकऱ्यांपाशी मी दर वाचनात थबकतो, पराभवाची इतकी शांत मोजदाद मी अन्यत्र पाहिलेली नाही.) पुढे सागरतळातून आणलेली तारुण्याची वनस्पतीही साप पळवतो. तो रडतो, आणि मग परत येऊन सोबतच्या नावाड्याला आपल्या नगराची तटबंदी दाखवतो. हाती काहीच न आलेला हा प्रवास वाया गेला, असे मला म्हणवत नाही.

मात्र चिकाटी आणि हट्ट यांतला भेद कथेने दाखवलाच पाहिजे. १८५१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मोबी डिक’ या कादंबरीत एका जहाजाचा कप्तान समुद्रात हरवलेल्या आपल्या मुलाला शोधण्यासाठी मदतीची याचना करतो, आणि पांढऱ्या देवमाशाचा सूड घ्यायला निघालेला दुसऱ्या जहाजाचा कप्तान अहाब ती धुडकावतो. तोवर त्याच्या निर्धाराविषयी आदर वाटू शकतो. त्या क्षणी मात्र त्या निर्धारात दुसऱ्या माणसाला जागाच उरलेली नाही हे उघड होते. अहाबचे जहाज बुडाल्यावर एकटा वाचलेला खलाशी ज्या जहाजाला सापडतो, ते मुलाच्या शोधात अजूनही फिरणारे तेच जहाज असते.