टोपणभर औषध : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,
गच्चीवरच्या कुंड्यांत कीटकनाशक ओतण्याबद्दल आणि त्यानं मधमाश्यांना होणाऱ्या धोक्याबद्दल मी लिहिलं होतं. त्यावर
‘गच्चीवर चार कुंड्या लावून शेतकऱ्याला शहाणपण शिकवू नका. फवारणी बंद केली तर खाल काय? आणि मधमाश्या रोगानं मरतात, औषधानं नाही,’ असं तुम्ही लिहिलंय.

रोगाचं म्हणाल तर ते अर्धं खरं आहे. १९९०च्या दशकात थाई सॅकब्रूड विषाणूनं दक्षिण भारतातल्या सातेरी, म्हणजे पेटीत पाळतात त्या देशी मधमाश्यांच्या पेट्याच्या पेट्या रिकाम्या केल्या. त्याचं खापर कीटकनाशकांवर फोडता येणार नाही. पण युरोपीय संघानं २०१८ मध्ये इमिडाक्लोप्रिड, क्लोथियानिडिन आणि थायामेथोक्झाम ही कीटकनाशकं उघड्या शेतात वापरायला बंदी घातली, ती मधमाश्यांना असलेल्या धोक्यामुळेच. यातलं पहिलं आपल्या कृषी सेवा केंद्रात सहज मिळतं. ते आंतरप्रवाही आहे, झाडात भिनतं आणि मकरंदात, परागातही उतरतं.

माझा रोख शेतकऱ्यावर नव्हताच. त्याच्या डोक्यावर कर्ज असतं, तुडतुडे आले की हंगाम हातचा जातो. २०१७ मध्ये यवतमाळात फवारणी करताना माणसं दगावली, हे मी तुम्हाला काय सांगणार! माझं भांडण आहे गच्चीवाल्यांशी. बाटलीवरचं प्रमाण हेक्टरी असतं, आणि आम्ही कुंडीत टोपणानं ओततो. फवारणीनंतर किती दिवस तोडणी करायची नाही, हेही तिथे छापलेलं असतं. घरची भेंडी एक दिवसाआड तोडली नाही तर जून होते. थांबणार कोण?

मावा आला तर मी पाण्याचा जोरदार फवारा मारते, फारच झाला तर शेंडा खुडते. ढालकिड्याच्या (लेडीबर्डच्या) अळ्या दिसल्या तर हात लावत नाही, त्या मावाच खातात. निंबोळी अर्क मीही वापरते, पण संध्याकाळी आणि फुलं टाळून. (नैसर्गिक आहे म्हणून भर सकाळी फुलांवर मारणारेही पाहिलेत.)

चार कुंड्यांनी मधमाश्या वाचतील, असा माझा दावा नाही. काकडी धरायला मलाच त्या लागतात. दुधी संध्याकाळी फुलतो, त्याच्याकडे रात्रीचे पतंग येतात. वांग्याला मात्र सातेरीचा फारसा उपयोग नाही. त्याला फूल थरथरवून पराग झाडणारे भुंगे आणि निळ्या पट्ट्यांच्या, एकेकट्या राहणाऱ्या माश्या लागतात. त्यांच्या पेट्या नसतात, त्यामुळे कमी झाल्या तर मोजणारंही कोणी नाही.

तुमच्याकडे कपाशीत तूर असेलच. फुलोऱ्यात तिच्यावर आग्या माश्या किती वाजता येतात आणि फवारणी किती वाजता होते, तेवढं कळवाल का?