वजन नाही म्हणून नियंत्रण सोपे?

अंतराळस्थानकात वस्तूला वजन नसते, त्यामुळे तिथे यंत्रमानव उडवणे ड्रोन उडवण्याहून सोपे आहे; हलका धक्का पुरतो, दिशा कॅमेरा सांगतो आणि यंत्राचा हात कारखान्यातल्यासारखाच चालतो, असा मजकूर समाजमाध्यमांवर बराच फिरतो. वजन पेलावे लागत नाही हे खरे. मात्र त्यातून काढलेले तिन्ही निष्कर्ष चुकीचे आहेत.

धक्क्याचे आधी पाहू. वजन जाते, वस्तुमान जात नाही. नासाच्या एम्स केंद्राने घडवलेले आणि 2019 मध्ये स्थानकात पोहोचलेले ॲस्ट्रोबी यंत्रमानव सुमारे 32 सेंटिमीटर बाजूचे घन आहेत आणि ते पंख्यांनी ओढलेली हवा 12 झडपांतून सोडून सरकतात. दिलेला वेग थांबवायलाही उलटा जोर लावावा लागतो, आणि तो जोर वस्तुमानकेंद्रातून, म्हणजे यंत्राच्या तोलबिंदूतून, गेला नाही तर यंत्र गरगरू लागते. स्थानकातील वायुवीजनाचे झोत ढकलतात ते वेगळेच.

दिशेचा प्रश्न याहून अवघड आहे. ड्रोनला त्वरणमापकातून (वेगातला बदल मोजणाऱ्या उपकरणातून) ‘खाली’ कुठे ते कळते आणि मोकळ्या आकाशात जीपीएस मिळते. स्थानकाच्या आत या दोन्हींचा आधार नसतो. 2006 पासून तिथे वापरलेले स्फिअर्स हे यंत्रमानव ठरावीक जागी बसवलेल्या यंत्रांतून येणाऱ्या श्राव्यातीत (कानाला ऐकू न येणाऱ्या) ध्वनीच्या खुणांवर अवलंबून होते, म्हणून छोट्या ठरावीक जागेतच उडत. ॲस्ट्रोबी कॅमेऱ्यातील दृश्य आधी बनवलेल्या नकाशाशी जुळवतो; पण सामानाच्या पिशव्या हलल्या किंवा प्रकाश बदलला की ओळखीच्या खुणाच सापडेनाशा होतात. कॅमेरा नुसता असून भागत नाही, नकाशाही ताजा ठेवावा लागतो.

हाताबद्दलचा दावा मात्र सर्वांत दिशाभूल करणारा आहे, कारण कारखान्यातील हात जमिनीला पक्का बोल्ट केलेला असतो आणि मोकळ्या यानाचा हात हलला की यानच उलट दिशेला सरकते व फिरते. जपानने 1997 मध्ये सोडलेल्या ईटीएस-7 या उपग्रहावर सुमारे दोन मीटर लांबीच्या हाताने नेमका हाच परिणाम प्रत्यक्ष अभ्यासला गेला. पडणारी मांजर जशी अंग वळवत पायांवर येते, तसा हात एक फेरी पूर्ण करून मूळ स्थितीत आला तरी यानाची दिशा बदललेली राहू शकते. म्हणून हाताचा मार्ग आखतानाच यानाची प्रतिक्रिया गणितात धरावी लागते, किंवा प्रतिक्रिया-चाकांनी (यान वळवण्यासाठी आत बसवलेल्या फिरत्या चाकांनी) ती शोषून घ्यावी लागते.